जमिनीचं रफू

व्हँकूव्हरच्या किनाऱ्यावर वाळूत रांगेनं ओंडके आडवे टाकलेले दिसतात. साल कधीच गळून गेलेली, उन्हापावसानं अंग राखाडी पडलेलं. कोणी त्यांना पाठ लावून पुस्तक वाचतं, कोणी त्यांच्याआड वारा चुकवत थर्मासमधली कॉफी ओततं, पोरं त्यांच्यावरून तोल सांभाळत चालतात. कॅनडाच्या या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाचा धंदा जुना. तोडलेली झाडं तराफ्यासारखी बांधून पाण्यातून ओढत नेतात. त्यातली काही सुटतात आणि भरतीबरोबर किनाऱ्याला लागतात. पूर्वी उद्यान विभागाची माणसं हे ओंडके गोळा करून जाळून टाकायची. १९६०च्या दशकात जेरिको नावाच्या किनाऱ्यावर एका बाईंनी हा जाळ पाहिला आणि त्या विभागाच्या साहेबांना सुचवलं, की जाळता कशाला, लोकांना बसायला ठेवून द्या. त्यांनी ते ऐकलं. आज त्या ओंडक्यांशिवाय तो किनारा डोळ्यांसमोर येत नाही, आणि त्यांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही कल्पना कोणाची ते ठाऊक असतं.

बाईंचं नाव कॉर्नेलिया हान ओबरलँडर. जन्म जर्मनीतला, शिक्षण अमेरिकेतलं, आणि आयुष्यभराचं काम मुख्यतः कॅनडातलं. व्यवसाय लँडस्केप आर्किटेक्टचा.

आपल्याकडे हा व्यवसाय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे लॉन वगैरे लावणारे ना?" लॉन लावणं हे त्या कामाचं सगळ्यात शेवटचं आणि बरेचदा अनावश्यक टोक. आधीचे प्रश्न वेगळेच असतात. पहिल्या पावसाचं पाणी या जमिनीवरून कुठल्या दिशेनं पळेल? उतार किती ठेवला तर म्हातारं माणूस न थांबता चढेल? दुपारी तीन वाजता सावली कुठे पडते, आणि बाक तिथे आहे का? माती किती खोल आहे, आणि पंधरा वर्षांनी हे झाड केवढं झालेलं असेल? नावातला 'आर्किटेक्ट' हा शब्द म्हणूनच आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क १८५८ पासून घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या पिढीनं हा शब्द रुळवला. १८९९ मध्ये या मंडळींची अमेरिकन संस्था स्थापन झाली, तेव्हा अकरा संस्थापकांत बिआट्रिक्स फॅरंड ही एकच बाई होती. बाकीच्या बायकांना बागेत काम करायला आडकाठी नव्हती. तो 'बायकांचा छंद' समजला जात होता, एवढंच.

कॉर्नेलियाचा जन्म १९२१चा, रुर खोऱ्यातल्या म्युलहाइम गावचा. कोळसा आणि पोलादाचा हा मुलूख. वडील फ्रांझ हान अभियंते होते. काका कुर्ट हान म्हणजे पुढे स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढणारे शिक्षणतज्ज्ञ. पण मला या घरात जास्त रस वाटतो तो आईत. बेआटा हान बागायतशास्त्र शिकलेल्या होत्या आणि मुलांसाठी बागकामाची पुस्तकं लिहीत होत्या. मुलांसाठी म्हणजे 'हे बघा फूल' छापाची नव्हेत, मुलांनी स्वतः खणायचं, पेरायचं, उगवलेलं खायचं अशी. घरातच असं विद्यापीठ असल्यावर लेकीच्या नखांत माती जायला वेळ लागला नसणार.

ती अकरा वर्षांची असताना एक चित्रकार तिचं चित्र काढत होता. बसून बसून कंटाळलेल्या मुलीचं लक्ष भिंतीवरच्या दुसऱ्या एका चित्राकडे गेलं. त्यात नदी होती, गाव होतं, रस्ते होते आणि मधूनमधून हिरवे ठिपके. ते काय आहे, असं तिनं विचारलं. बागा, सार्वजनिक उद्यानं, असं उत्तर मिळालं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, मी मोठी झाले की उद्यानं करणार. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे प्रसंग इतके असतात की आपण ते थोड्या सावधपणेच वाचावेत. पण ही गोष्ट त्या स्वतः म्हातारपणापर्यंत सांगत असत, आणि पुढे त्यांनी दुसरं काहीच केलं नाही, हेही खरंच.

१९३३ साली वडील बर्फावर स्कीइंग करताना हिमकडा कोसळून गेले. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. घर ज्यू. पाच वर्षं आईनं मुलींना घेऊन कशीबशी काढली. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभरची ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनाघरं फोडली गेली, जाळली गेली, आणि त्यानंतर लवकरच हे कुटुंब देश सोडून निघालं. आधी इंग्लंड, मग १९३९ मध्ये अमेरिका. कॉर्नेलिया तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांची.

पुढे बेआटाबाईंनी न्यू हॅम्पशायर राज्यात शेत घेतलं आणि भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. देश गेला, नवरा गेला, भाषा बदलली. जमीन कसता येत होती, ती कसली. लेकीला पहिली परदेशी माती भेटली ती अशी, पुस्तकात न भेटता फावड्याच्या टोकाला. तिथली थंडी वेगळी, तिथले किडे वेगळे, पेरणीचा महिना वेगळा. जर्मनीत शिकलेलं जसंच्या तसं इथे चालत नाही हे तिला तिथेच कळलं असावं, असं मला तिची पुढची कामं पाहून वाटतं.

स्मिथ या मुलींच्या कॉलेजातून १९४४ मध्ये पदवी, आणि नंतर हार्वर्ड. हे वाचायला सरळ वाटतं, पण दोनच वर्षं आधी ते अशक्य होतं. हार्वर्डच्या वास्तुकला आणि लँडस्केपच्या वर्गांत बायकांना प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी केंब्रिज स्कूल नावाची वेगळी संस्था होती. पुढे ती स्मिथ कॉलेजला जोडली गेली आणि १९४२ मध्ये पैशांअभावी बंद पडली. नेमके त्याच सुमारास हार्वर्डचे पुरुष विद्यार्थी युद्धावर गेले होते. वर्ग रिकामे पडले, फी बुडू लागली, आणि दार उघडलं. स्त्रियांच्या हक्काची जाणीव झाली म्हणून ते उघडलं, असं म्हणायला मन धजत नाही. पण एकदा उघडलं ते उघडलं. १९४७ मध्ये कॉर्नेलिया तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक.

वास्तुकला विभागाचे प्रमुख होते वॉल्टर ग्रोपियस. बाउहाउस या गाजलेल्या जर्मन कलाशाळेचे संस्थापक आणि स्वतःही नाझींच्या राज्यातून बाहेर पडलेले. वर्गाच्या एका सहलीत भेटलेले पीटर ओबरलँडर हेही व्हिएन्नाचे ज्यू निर्वासित. इंग्लंडनं त्यांना 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून धरलं आणि जहाजात घालून कॅनडाच्या छावणीत पाठवलं होतं. ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याच गोटातले म्हणून कैद! सुटल्यावर ते शहरनियोजन शिकले. १९५३च्या जानेवारीत दोघांचं लग्न झालं आणि व्हँकूव्हरच्या विद्यापीठात पीटर यांनी नियोजनाचा विभाग उभारायला घेतला. बाईंचं दुसरं स्थलांतर हे असं, नवऱ्याच्या नोकरीपायी. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

लग्नाआधीची चार-पाच वर्षं मात्र त्यांची स्वतःची. फिलाडेल्फियात त्या नागरिकांच्या एका नियोजन परिषदेत काम करत होत्या. वस्तीत जायचं, लोकांना काय हवं ते विचारायचं आणि ते नकाशावर आणायचं. तिथेच त्यांनी लुई कान यांच्याबरोबर गरिबांसाठीच्या एका सार्वजनिक गृहप्रकल्पाची मोकळी जागा आखली. हे तेच लुई कान, ज्यांची अहमदाबादच्या आयआयएमची विटांची इमारत आपण पाहिलेली असते. मात्र हे कान अजून 'ते' कान झालेले नव्हते, आणि कामही झगमगाटाचं नव्हतं. कमी पैशांत, कमी जागेत, कपडे वाळत घालायचे कुठे आणि पोरांनी खेळायचं कुठे, असले प्रश्न. व्हँकूव्हरला आल्यावर सुरुवातीला त्यांना मिळाली ती अशीच कामं: सरकारी वसाहतींची अंगणं आणि मुलांची मैदानं.

मुलांचं मैदान म्हटलं की कोणी मोठा आर्किटेक्ट आपल्यासाठी ते राखून ठेवत नाही. म्हणून ते बाईंच्या वाट्याला आलं. बाईंनी त्याचं सोनं केलं. त्या काळची मैदानं म्हणजे डांबरी फरशी, लोखंडी झोपाळा, लोखंडी घसरगुंडी. उन्हात ती घसरगुंडी किती तापते हे पाचवी-सहावीत चड्डीत बसलेल्या कोणालाही आठवेल. त्यातली खरी अडचण वेगळीच आहे. घसरगुंडीवर एकच गोष्ट करता येते. वर चढा, खाली या. पाचव्यांदा तेच करताना मूल कंटाळतं, आणि मग उलटं चढायला लागतं, म्हणजे स्वतःचा खेळ शोधतं, आणि आपण ओरडतो.

१९६७ साली माँट्रियलला जागतिक प्रदर्शन भरलं. कॅनडा सरकारच्या दालनाशेजारी मुलांसाठी एक केंद्र होतं आणि त्याच्या अंगणाचं काम कॉर्नेलियाबाईंकडे आलं. त्यांनी तिथे सपाट जागेत मातीचे उंचवटे केले. पाण्याचा एक पाट काढला आणि त्यात होडी. वाळू भरपूर. ओंडके, झाडावरचं घर, डुगडुगणारी फळीची वाट, आणि उचलून नेता येतील अशा सुट्या वस्तू. सगळं मिळून मुलांनी काय करायचं ते ठरवून दिलेलं नाही, ही त्यातली मेख. ओंडका म्हणजे कधी घोडा, कधी पूल, कधी दुकानाचा गल्ला. होडी कुठेच जात नाही, म्हणून ती कुठेही जाऊ शकते. देशोदेशींच्या पाहुण्यांनी हे अंगण पाहिलं. त्यातून कॅनडात मुलांच्या खेळाच्या जागा कशा असाव्यात याचे राष्ट्रीय निकष लिहिण्याच्या कामात त्या ओढल्या गेल्या, आणि आयुष्यभरात त्यांनी सत्तरहून अधिक मैदानं आखली. वाळू, पाणी, माती, लाकूड. बेआटाबाईंच्या पुस्तकांतली मुलं इथे येऊन खेळू लागली म्हणा ना.

आता थोडं पोडियमबद्दल. पुण्या-मुंबईत हा शब्द गेल्या काही वर्षांत घरोघरी झाला आहे. खाली पार्किंगचे दोन मजले, त्यावर स्लॅब, स्लॅबवर बाग. माहितीपत्रकात ती बाग झकास दिसते. आमच्या सोसायटीत दुसऱ्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी ठिबकायला लागलं. माझ्या शेजाऱ्यांची गाडी ज्या खांबाशी उभी असते, त्याच्या वर एक पामचं झाड आहे. बैठकीत कंत्राटदाराच्या माणसानं झाडाकडे बोट दाखवलं, माळ्यानं स्लॅबकडे, आणि शेवटी झाड काढायचा ठराव मंजूर झाला. गळती चालूच आहे.

व्हँकूव्हरच्या रॉब्सन स्क्वेअरवर कॉर्नेलियाबाईंनी हेच कोडं १९७०च्या दशकात हाताळलं. शहराच्या मध्यभागी प्रांताची न्यायालयं आणि सरकारी कचेऱ्या बांधायच्या होत्या. आधीच्या सरकारच्या डोक्यात पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा होता. १९७२ मध्ये सरकार बदललं, तो बेत रद्द झाला, आणि आर्किटेक्ट आर्थर एरिक्सन यांनी तो मनोरा जणू आडवा निजवला. शहराचे तीन ब्लॉक व्यापणारी बुटकी, पायऱ्यापायऱ्यांची इमारत. छपरावर बाग, झाडं, धबधबा, आणि ज्यावरून माणसं चालत जातील अशी वाट. एरिक्सन यांनी कॉर्नेलियाबाईंना बोलावलं आणि झाडं कशी जगवायची तो भाग त्यांच्यावर सोपवला.

पहिला शत्रू वजन. पाणी प्यायलेली साधी माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे स्लॅबवर फूटभर माती टाकली, तर दर चौरस मीटरला अर्धा टन झाला. आपल्या राहत्या घराची जमीन आखताना अभियंते माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला दोनशे किलो धरतात, त्याच्याशी ताडून पाहा. झाडाला तर फूटभर पुरत नाही. त्याला तीन-चार फूट लागते. मग उपाय काय? खांब आणि तुळया त्या भाराच्या हिशेबानं आधीच जाड धरायच्या, जड झाडं शक्यतो खांबांच्या डोक्यावर आणायची, आणि माती हलकी करायची. हलकी माती म्हणजे मातीच कमी. पर्लाइट नावाचा ज्वालामुखीच्या काचेचा खडा भट्टीत तापवला की लाहीसारखा फुलतो आणि पिसासारखा हलका होतो. टाचा घासायला वापरतात तो छिद्राछिद्रांचा प्युमिस दगड पाण्यावर तरंगतो. असल्या वस्तू, वाळू आणि कुजलेलं सेंद्रिय खत यांच्या मिश्रणात मुळांना हवा मिळते, ओल टिकते आणि भार निम्म्यावर येतो.

दुसरा शत्रू पाणी. स्लॅबवर नुसता कोबा करून भागत नाही. त्यावर पाणी अडवणारा पडदा, त्यावर मुळं अडवणारा, त्यावर पाणी वाहून नेणारा खडीचा किंवा जाळीचा थर, त्यावर माती गळून जाऊ नये म्हणून गाळणीचं कापड, आणि मग मिश्रण. पाण्याला बाहेर पडायची वाट आधी आखायची असते, झाड नंतर. ज्या क्रमानं ही यादी लिहिली, त्याच क्रमानं बांधकाम व्हावं लागतं, आणि म्हणूनच लँडस्केपवाल्याला इमारत उभी राहिल्यावर बोलावून उपयोग नसतो. कॉर्नेलियाबाईंचा आग्रह कायम हाच होता: पहिल्या बैठकीपासून मी टेबलापाशी हवी. त्यांना तसं बोलावणारे एरिक्सन यांच्यासारखे आर्किटेक्ट भेटले, हे त्यांचं नशीब. आणि तसे नसतील त्यांच्यामागे लागणं त्यांना जमत होतं, हा त्यांचा स्वभाव. आमच्या पामच्या झाडाचं दुःख या दोन ओळींत मावतं.

रॉब्सन स्क्वेअरचं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं छायाचित्र मात्र झाडांचं नाही, पायऱ्यांचं आहे. रुंद जिना आणि त्याच्या अंगातूनच नागमोडी वळणं घेत चढणारा उतार. चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि धडधाकट माणूस एकाच जिन्यानं वर जातील, मागच्या दारानं कोणी जाणार नाही, हा विचार. त्या काळात तो फार पुढचा होता. आजच्या निकषांनी पाहणारे म्हणतात की उतार जास्त आहे, धरायला कठडा नाही आणि अधू दृष्टीच्या माणसाला पायरी संपून उतार कुठे सुरू होतो ते कळत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दिसायला देखणी गोष्ट वापरायला नेहमी सोयीची असतेच असं नाही, आणि हे त्या जिन्याच्या भक्तांनीही कबूल करायला हरकत नाही.

परक्या देशात गेलेला माणूस स्थिरस्थावर झाला की आपल्याकडचं काहीतरी कुंडीत लावतो. टोरंटोकडच्या मराठी घरात हिवाळ्यात कढीपत्त्याची कुंडी खिडकीपाशी आत घेतलेली असते, तिला पोटच्या पोरासारखं जपतात. इंग्रज जिथे गेले तिथे गुलाब आणि हिरवळ घेऊन गेले. आपली लॉनची हौस त्याचीच शिल्लक. कॉर्नेलियाबाईंनी नेमकं उलटं केलं. ज्या देशानं आसरा दिला, त्या देशात आधीपासून काय उगवतं ते शिकून घेतलं, आणि तिथे जन्मलेल्यांना ते दाखवलं.

व्हँकूव्हरच्या विद्यापीठात १९७६ मध्ये मानववंशशास्त्राचं संग्रहालय झालं. आर्किटेक्ट पुन्हा एरिक्सन. आत तिथल्या मूळ रहिवाशांचे उंच कोरीव लाकडी खांब, बाहेर समुद्रावरचा कडा. कॉर्नेलियाबाईंनी तिथे फुलांचे ताटवे मांडले नाहीत. मूळ लोक ज्या वनस्पती अन्नाला, औषधाला, विणकामाला वापरत होते त्यांचा अभ्यास केला, आणि गवताची माळरानं व ती झुडपं तिथे आणली. वाऱ्यानं हलणारं उंच गवत पाहून नाक मुरडणारे तेव्हाही असणारच. नीट कापलेल्या हिरवळीची सवय झालेल्या डोळ्याला ते 'कोणी लक्ष देत नाही' असं दिसतं. आपल्याकडे बहाव्याच्या वाळलेल्या शेंगा लोंबायला लागल्या की सोसायटीत तक्रार येतेच.

या विचाराची खरी कसोटी लागली ती येलोनाइफला. हे गाव कॅनडाच्या उत्तरेत, ६२व्या अक्षांशापलीकडे. हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. तिथे विधिमंडळाची इमारत बांधायची होती, १९९३ मध्ये ती सुरू झाली. जागा तळ्याकाठी, खडक आणि पीटची दलदल. पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि पाला. थंडीत कुजणं इतकं सावकाश चालतं, की बोटभर थर साचायला कित्येक दशकं लागतात. अशा जमिनीवर एकदा बुलडोझर फिरला, की तो ओरखडा माणसाच्या हयातीत भरून येत नाही.

नेहमीचा रस्ता सोपा होता: जागा साफ करा, इमारत बांधा, मग दक्षिणेतल्या रोपवाटिकेतून ट्रक भरून रोपं आणा. ती रोपं पहिल्या हिवाळ्यात मेली असती. जंगली गुलाब व्हँकूव्हरमध्येही वाढतो आणि येलोनाइफमध्येही, पण एकाला उणे चाळीस माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. नाव एक असलं म्हणून झाड एक नसतं. आपला कोकणातला आणि विदर्भातला माणूस दोघं मराठीच, पण मे महिन्यात त्यांची अदलाबदल करून बघा. म्हणून कॉर्नेलियाबाईंनी त्याच जागेवरून बिया आणि छाटकलमं गोळा करवली. ती विमानानं जवळजवळ हजार मैल खाली व्हँकूव्हरला आली, तिथल्या उबदार रोपवाटिकेत त्यांची हजारो रोपं झाली, आणि ती परत त्याच जमिनीत जाऊन रुजली. पायासाठी खणलेला पीट फेकून न देता दुखावलेल्या जागी परत वापरला. इमारतीभोवतीची झाडं, खडक होते तसे ठेवले. आज ती इमारत पाहणाऱ्याला वाटतं, की जंगलात कोणी अलगद आणून ठेवली. कॉर्नेलियाबाई या पद्धतीला न दिसणारं रफूकाम म्हणत. रफूवाला शेजारच्याच कापडातला धागा काढून भोक भरतो, म्हणून तर ते दिसत नाही. बाहेरचा धागा आणला की ते ठिगळ होतं.

जी मुलगी अठराव्या वर्षी मुळासकट उपटली गेली, तिनं हे काम इतक्या निगुतीनं करावं, यात मला काही योगायोग दिसत नाही. त्यांनी स्वतः असा संबंध किती जोडला असता, कोण जाणे. कामाबद्दल बोलताना त्या गळा काढणाऱ्यांतल्या नव्हत्या.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. या प्रवासाला निर्वासिताच्या यशाची गोष्ट म्हणून फार चकचकीत करू नये. आईकडे विद्या होती, घरी पुस्तकं होती, वेळेत देश सोडण्याइतकी साधनं आणि ओळखी होत्या. नवऱ्याची प्राध्यापकी होती, त्यामुळे घर चालवण्यासाठी मिळेल ते काम घ्यावं लागलं नाही. त्याच वयाच्या, तितक्याच हुशार किती मुली परदेशी नेणाऱ्या बोटीपर्यंत पोचल्याच नाहीत. पण हेही खरं की सोयी मिळालेल्या सगळ्यांनी त्यांचं इतकं काही केलं नाही. तीन मुलं वाढवत, घरातच थाटलेल्या कचेरीतून, मोजक्या मदतनिसांनिशी त्यांनी काम केलं. मोठी फर्म काढली नाही. प्रत्येक रोपाची यादी आपल्या डोळ्यांखालून जायला हवी असेल, तर पन्नास माणसांची कचेरी चालवता येत नाही.

नंतरची यादी लांबलचक आहे. ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाबाहेर १९८८ मध्ये आर्किटेक्ट मोशे सफ्दी यांच्याबरोबर केलेली, चित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्या उत्तरेच्या जंगलावरच्या चित्रातून सुचलेली खडकांची आणि पाइनची बाग. न्यूयॉर्क टाइम्सच्या इमारतीच्या पोटातलं, काचेच्या भिंतींमधलं बर्चच्या झाडांचं अंगण. २०११ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, व्हॅनड्यूसन वनस्पती उद्यानाची नवी इमारत, जिचं छप्पर ऑर्किडच्या पाकळ्यांसारखं आहे आणि त्यावरही वनस्पती वाढतात. कॅनडाचा सर्वोच्च नागरी सन्मान २०१७ मध्ये मिळाला. लँडस्केपसाठीचा एक लाख डॉलरचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावानं जाहीर झाला. २२ मे २०२१ रोजी कोविडच्या आजारात त्या गेल्या. शंभरी गाठायला महिना कमी होता.

या यादीतून मुद्दाम एक काम मागे ठेवलं. १९९५ मध्ये व्हँकूव्हरचं मध्यवर्ती ग्रंथालय बांधून झालं, सफ्दी यांनीच आखलेलं, रोमच्या कोलोसियमची आठवण करून देणारं गोल बांधकाम. त्याच्या छपरावर कॉर्नेलियाबाईंनी निळसर आणि हिरव्या गवताचे वळणदार पट्टे लावले, शहराजवळून वाहणाऱ्या फ्रेझर नदीचा प्रवाह वाटावा असे, आणि काठाला किनिकिनिक हे तिथलंच जमिनीसरपट पसरणारं झुडूप. पण वरचे मजले सरकारी कचेऱ्यांना भाड्यानं गेले आणि छपरावर जायला लोकांना वाट उरली नाही. तेवीस वर्षं ती नदी आजूबाजूच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतूनच पाहायला मिळत होती. २०१८ मध्ये वरचे मजले ग्रंथालयाकडे परत आले, छपराचं दार उघडलं. बाई तेव्हा सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. आता कोणीही लिफ्टनं वर जाऊन, पुस्तक काखेत धरून, तिथे बसू शकतं.